तीन माणसांची चढण

सगुणदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हापशाच्या बसमध्ये, हायवेखालच्या सर्व्हिस रोडवर अडकून पडले होते. सकाळचे साडेआठ. पुढे चिऱ्यांचा ट्रक, मागे शाळेची बस, आणि डोक्यावरून एक्स्प्रेस लेनच्या गाड्या सुसाट चाललेल्या. फोनवर त्याचा पुतण्या होता. “सुलूताय, काको गेलो... सकाळीं न्हावंक गेल्लो, थंयच पडलो.” मी “बरं” म्हटलं. बरं! माणूस गेल्याचं ऐकून कोणी बरं म्हणतं का? पण तेवढाच शब्द तोंडातून निघाला. शेजारच्या बाईनं विचारलं, “कोण गेलें गो?” मी म्हटलं, “वळखीचो एक.” नऊ वर्षं ज्याच्या गाडीतून मी ऑफिसला गेले-आले, ज्याला मी सख्ख्या भावाहून जास्त मानलं, तो माझ्या तोंडी वळखीचो एक झाला होता. रडू आलं नाही. राग आला, आणि तो त्याच्यावरच आला, की हा आमचं भांडण अर्धवट टाकून निघून गेला.

आता दीड महिना झाला. पेपरच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिही, असं शालनवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं मला सांगितलं. “तुजें बरपणें बरें आसा, आनी ताका तुजेइतलो कोण वळखतालो?” असं म्हणाल्या. चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. ते आधी लिहिते.

सगुणदादा आमच्या कोरगावचा. पणजीला सरकारच्या रस्ते खात्यात इंजिनियर. मीही पणजीलाच, दुसऱ्या एका खात्यात कारकून. त्या काळात कोरगावहून पणजी गाठायची म्हणजे आधी पेडणे किंवा म्हापसा, तिथे बस बदलायची, आणि सही करायच्या वहीवर लाल रेघ ओढली जायच्या आत धापा टाकत जिने चढायचे. एक दिवस सगुणदादानं जुनी व्हॅन विकत घेतली आणि वाड्यावर येऊन जाहीर केलं की उद्यापासून आठ जण एका गाडीनं जायचं, पेट्रोल वाटून घालायचं, आणि कोणी उशीर केला तर त्याच्यासाठी फक्त एक हॉर्न. दुसरा हॉर्न नाही. पहिल्याच आठवड्यात तो स्वतःच उशिरा उठला, तर आम्ही सात जणांनी त्याच्या दारात उभं राहून तोंडानं एक हॉर्न वाजवला आणि चालायला लागलो. बिचारा बनियनवर व्हॅन घेऊन मागून आला. ती गोष्ट आम्ही त्याला नऊ वर्षं ऐकवली.

व्हॅनमध्ये खिडकीची जागा माझी होती, कारण मला घाटीच्या वळणांवर मळमळायचं. तो माझ्यासाठी आवळ्याची सुपारी डब्यात ठेवायचा आणि डबा संपत आला की न बोलता भरायचा. शुक्रवारी परतताना म्हापशाच्या बाजारात अर्धा तास थांबायचं ठरलेलं. मग पाठच्या सीटखाली कोणाची केळी, कोणाची सुंगटं म्हणजे सुकी कोळंबी, आणि बँकेतले कामत पोटावर हात धरून म्हणायचे, “हो वास सोमारा पणजे मेरेन वतलो.” माझी आई आजारी पडली, बांबोळीच्या हॉस्पिटलात महिनाभर होती, तेव्हा ऑफिस सुटलं की व्हॅन आधी तिकडे वळायची. बाकीचे सहा जण खाली चहा पीत थांबायचे, आणि सगुणदादा माझ्याबरोबर वर यायचा. आई गेली त्या दिवशी कागदपत्रं त्यानंच केली. मी तशीच बाकावर बसून राहिले होते. हे सगळं खरं आहे. पुढचं लिहिते तेही खरं आहे, आणि दोन्ही एकाच माणसानं केलं, हीच माझी अडचण आहे.

हायवे रुंद झाला तेव्हा तो आमच्या डोक्यावरून गेला. रस्ता वर, आम्ही खाली. वर चढायचं तर बाजारातून मोठा वळसा, आणि त्या वळशात रोज तासभर जायचा. गावानं वर जायला एक रॅम्प मागितला. खातं म्हणालं, सगळ्यांना मोकळा सोडला तर वरचा रस्ता तुंबेल. तेव्हा सगुणदादानं डोकं लढवलं. रॅम्प करायचा, पण सकाळ-संध्याकाळ फक्त वाटून घेतलेल्या गाड्यांसाठी. गाडीत निदान तीन माणसं हवीत. एकटा-दुकटा असेल त्यानं बाजारातून जावं. कल्पना आमच्या व्हॅनवरूनच निघाली होती, म्हणून आम्हाला कोण अभिमान! फक्त रॅम्पला जागा हवी होती, आणि ती जागा म्हणजे हायवेच्या उतारावरचं माझ्या बाबांचं भाट, त्यांची काजूची बाग.

बाबांनी साफ नाही म्हटलं. ते भाट त्यांच्या वडिलांनी लावलेलं. मोबदला मिळाला असता, पण बाबांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. सगुणदादा रोज संध्याकाळी आमच्या बाल्कांवात, पुढच्या ओटीवर, येऊन बसायचा आणि समजावायचा. मीही त्याच्या बाजूनं बोलायचे... हे मी विसरत नाही. शेवटी बाबा म्हणाले, देवीला विचारू. आमच्याकडे असं काही ठरवायचं असलं की देवळात गाऱ्हाणं घालतात आणि प्रसाद घेतात. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगळा वाडा जमला. आईच्या वर्षश्राद्धाचा दुसरा दिवस होता, त्यामुळे ती तारीख मला पाठ आहे. गुरवानं गाऱ्हाणं सुरू केलं आणि सगुणाला पुढे बोलावलं, कारण खात्याचा माणूस तोच. त्यानं हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “माये, ही चढण गांवची. तीन माणसांची गाडी वयर चडटली, आनी हे चढणीर कोण केन्नाच पयसो मागचो ना.” आम्ही सगळे म्हणालो, “व्हय म्हाराजा.” उजवी पाकळी पडली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी होकार दिला.

मोजणीसाठी चंदगडकडचा एक सर्व्हेअर आला होता, पाटील. चांगला माणूस. चहा पिता पिता बाबांना म्हणाला, “काका, चार ओळी खात्याकडून लिहून घ्या की. टोल लावणार नाही म्हणून.” बाबांना हा अपमान वाटला. स्वतःचा नाही, देवीचा. “देवीक सांगलां तें परत कागदार कित्याक? देवीचेर विश्वास ना आमचो?” पाटील परत मोजणीला लागला. गावातल्या एकालाही तो बरोबर बोलतोय असं वाटलं नाही. मलाही नाही. मी सरकारी कचेरीत कारकून, उभा जन्म कागदांत गेलेला. सहीशिवाय पेनसुद्धा कोणाला देत नाही मी. पण देवळात बोललेल्या शब्दाचा कागद मागायचा, हे माझ्याही मनात आलं नाही. अशी चूक आम्हीच करावी.

तीन वर्षं ती चढण चालली, आणि ती तीन वर्षं मला फार सुखाची गेली. खाली पाटी होती, ‘तीन किंवा अधिक माणसांची गाडी’, आणि एक होमगार्ड काचेतून डोकी मोजायचा. गावात कधी नव्हे एवढा शेजारधर्म वाढला. ज्यांचं पिढ्यान्पिढ्या पटत नव्हतं ते एकाच गाडीत बसायला लागले, कारण तिसरं माणूस लागायचं. चंद्रावती म्हणून एक म्हातारी म्हापशाला अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, विकायला जायची. ती चढणीच्या पायथ्याशी फुलांची पाटली, टोपली घेऊन उभी राहायची. दोनच माणसं असलेली गाडी आली की तिला उचलायची. फुकट म्हापसा! गावात तिला तिसरें माणूस म्हणूनच हाक मारायचे, आणि ती ऐटीत सांगायची, “म्हाका सोडून तुमी वयर चडात पळोवया.” सगुणदादा तिच्याकडे बघून खूश व्हायचा. स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणायचा, “हें पळय सुलू, रस्तो असो आसपाक जाय.” मी त्याच्याकडे बघायचे आणि मला वाटायचं, असा माणूस खात्यात आहे म्हणून आपल्या गावाचं नशीब.

मग एका सकाळी चढणीच्या कडेला पिवळ्या रंगाच्या खुणा दिसल्या. दोन माणसं टेप लावून मोजत होती. मी विचारलं, “कितें चलां रे सगुणदादा?” तो म्हणाला, “डागडुजी गो. रंग मारपाचो आसा.” पुढच्या आठवड्यात खड्डे खणले. मी परत विचारलं, तर म्हणाला, दिव्यांचे खांब. पाच महिने मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसून त्या खांबांकडे बघत गेले. आणि एका सोमवारी सकाळी खांबांवर आडवी कमान चढली, कॅमेरे लागले, पाटी उतरवली गेली आणि निळी पाटी आली. एक्स्प्रेस लेन. टोल. आता गाडीत माणसं किती आहेत हे कोणी मोजणार नव्हतं. एक माणूस असो की आठ, काचेवरचा टॅग वाजला की वर. आमच्या आठ जणांच्या व्हॅनलाही पैसे भरा नाहीतर बाजारातून जा. होमगार्ड गेला. चंद्रावती दोन दिवस पाटली घेऊन उभी राहिली. गाड्या तिच्या पुढून गेल्या, कोणी थांबलं नाही. तिसऱ्या दिवसापासून ती दिसली नाही.

त्या सोमवारी आम्हीही पैसे भरले नाहीत. सगुणदादा बाजाराच्या वळशानं गाडी घेऊन गेला. सगळ्यांना वाटलं, वरच्या लोकांनी याला फसवलं, बिचाऱ्याला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. कामतांनी तर त्याच्या खांद्यावर थोपटलं. मलाही तसंच वाटलं होतं. पंचायतीत जाऊन मी हरकत नोंदवायला निघाले, तर सेक्रेटरी म्हणाला, मुदत केव्हाच संपली, आणि तुमच्या गावाची हरकत नाही असं पत्र आहे की. त्यानं पत्र दाखवलं. ‘ग्रामस्थांशी सविस्तर बोलणे झाले असून त्यांची हरकत नाही.’ खाली सगुणदादाची सही.

मी तडक त्याच्या घरी गेले. तो बाल्कांवात पाव चहात बुडवून खात होता. मी पत्राची झेरॉक्स त्याच्यापुढे ठेवली. त्यानं वाचली नाही, नुसती बघितली. “कोणाकडेन उलयलो तूं?” मी विचारलं. तो म्हणाला, “सुलू, हांवें सही करूंक ना आसली तरी तें जातलेंच आशिल्लें.” मी म्हटलं, “मग करपाची न्हय. आमकां सांगपाचें.” त्यानं झेरॉक्स घडी करून बशीखाली ठेवली. मग हळूच म्हणाला, “देवीक दिल्लें तें उतर खात्याचें आशिल्लें गो, म्हजें न्हय.” माझं डोकं फिरलं. “देवळांत खातें आयिल्लें? तूं आयिल्लो! हात जोडून तूं उबो आशिल्लो!” शालनवहिनी आतून दारात आल्या तेव्हा मी पायऱ्या उतरत होते. त्यांना काय झालं ते कळलं नाही, आणि मला वाटतं त्यानंही कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी बस धरली. दोन वर्षं. मळमळ, धक्के, उभं राहणं, सगळं. व्हॅनमधल्यांना सांगितलं की ऑफिसची वेळ बदलली. पत्राबद्दल मी कोणाशी बोलले नाही, आणि त्याचं कारण बाबा. शहाऐंशीचे झालेत. काचबिंदूनं डोळे जवळजवळ गेले आहेत. भाट गेलं, चढण गेली, पण देवीनं कौल दिला होता आणि सगुणानं शब्द दिला होता, या दोन गोष्टींवर त्यांचं अजून उभं राहणं आहे. “वयल्यांनी सगुणाक फसयलो,” ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. “ताणें आपलें केल्लें.” यातलं एक काढून घेतलं की दुसरंही पडेल, हे मला कळत होतं.

आणि सगुणदादालाही कळत होतं! दर रविवारी तो आमच्याकडे यायचा. मी घरात आहे हे ठाऊक असून यायचा. बाबांच्या शेजारी बसायचा, पावसाच्या, काजूच्या, जुन्या माणसांच्या गोष्टी करायचा. बाबा त्याची समजूत घालायचे. माझ्या कानांनी ऐकलं आहे मी. माझा आंधळा बाप त्याचा हात हातात घेऊन म्हणायचा, “तूं वायट दिसून घेवं नाका रे पुता. तुजो कितें गुन्यांव?” आणि हा ऐकून घ्यायचा. मी रांधणीत उभी राहून भांडी आपटायचे. एकदा तरी म्हणेल, काका, गुन्हा माझाच. दोन वर्षांत शंभर रविवार आले असतील. एकदाही म्हणाला नाही. जाताना रांधणीच्या दाराशी घुटमळायचा, “येतां गो” म्हणायचा, आणि मी नळ सोडायचे.

खरं सांगायचं तर मी वाट बघत होते. कधीतरी तो येईल, सरळ बोलेल, मी त्याला चार शिव्या देईन, रडेन, आणि परत खिडकीच्या सीटवर बसेन. मनाशी मी त्याला बरीच सूट देऊनही ठेवली होती. त्यानं शब्द दिला तेव्हा खरा होता, नंतर वरून दडपण आलं, निवृत्ती जवळ आली होती, घाबरला, सही केली, असं. घाबरलेल्या माणसाला माफ करता येतं. त्याच्या बाराव्याला गेले ती हे मनात घेऊनच गेले. जेवणं झाली, पाहुणे पांगले, तेव्हा शालनवहिनींनी मला त्याच्या खोलीत बोलावलं. टेबल, पट्ट्या, टोक केलेल्या पेन्सिली, सगळं जागच्या जागी. कपाटाच्या मागून त्यांनी एक गुंडाळी काढली. “हो तुमच्या भाटाचो कागद. कोणाक दीनासलो तो. तुमच्याकडेनच बरो.”

मी तो तिथेच टेबलावर उलगडला. चढणीचा नकाशा, सगळ्यात पहिला, त्यानं हातानं काढलेला. खात्याच्या नकाशात कापायच्या झाडांना नंबर असतात. याच्यात नंबर नव्हते. बाबा आपल्या काजींना ज्या नावांनी हाक मारायचे ती नावं त्यानं एकेका ठिपक्याशी बारीक अक्षरात लिहिली होती. पायरेवयली. दोन खांद्यांची. आवयची. मुयांची, म्हणजे मुंग्यांची. बाबांच्या तोंडून ऐकून, लक्षात ठेवून लिहिलेली. मला भडभडून आलं. म्हटलं, अरे, असा होतास तू... आणि मग आवयची आणि मुयांची यांच्यामध्ये मला एक चौकोन दिसला. त्याच पेन्सिलीनं, त्याच अक्षरात: ‘टोल नाका, पुढचा टप्पा’. खाली कोपऱ्यात सही आणि तारीख. देवळातल्या सभेच्या आठ दिवस आधीची.

म्हणजे तो हात जोडून उभा राहिला तेव्हा हा चौकोन काढून झालेला होता. आमच्या बाल्कांवात बसून बाबांना समजावत होता त्या संध्याकाळी हा कागद घरी कपाटामागे होता. चंद्रावतीकडे बघून खूश होत होता तेव्हाही. पुढचा टप्पा येईपर्यंत आपण निवृत्त होऊ, मग ज्याचं तो बघेल, असा हिशेब असेल. की रद्द करून घेईन अशी आशा होती? मला माहीत नाही. आणि आता ते सांगायला तो नाही. शालनवहिनी शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, “कितलें मन लावन काडलां मरे?” मी “हो” म्हटलं आणि कागद गुंडाळला.

घरी आल्यावर तो लपवायला हवा होता. पण बाबांचे कान तिखट. “कितें हाडलें गो बाय?” मी सांगितलं, भाटाचा नकाशा, सगुणदादानं काढलेला. त्यांनी तो खाटेवर पसरायला लावला. मी नावं वाचत गेले आणि प्रत्येक नावाला त्यांचा चेहरा उजळत गेला. पायरेवयलीला गोड बोंडू. दोन खांद्यांचीवर मी लहानपणी चढून अडकले होते. “सगळीं बरयल्यांत ताणें?” ते विचारत होते, “सगळीं?” मग त्यांनी कागदावर तळहात फिरवला. बोट फिरत फिरत आवयचीच्या पुढे गेलं आणि नेमकं त्या चौकोनावर थांबलं. “आनी हांगा कितें आसा?”

मी म्हटलं, “कांय ना, बाबा. कोरें आसा.”

“कोरें?” त्यांनी बोट तिथेच गोल फिरवलं. “मग कोरें दवरलें आसतलें कित्याक तरी. सगुण विचार केल्याबगर कांय सोडपी न्हय.”

असं खोटं मी माझ्या बापाशी आयुष्यात कधी बोलले नव्हते. तेही सगुणदादानं माझ्याकडून करवून घेतलं, आणि याचाही राग माझा त्याच्यावरच आहे. तो जिवंत असता तर तोंडावर सांगितलं असतं. तो नाही, म्हणून इथे लिहिलं. शालनवहिनी, मला क्षमा करा. तुम्ही चांगलं लिही म्हणाला होतात, आणि मी खरं लिहिलं. कोरगावच्या ज्या कोणाच्या हाती ही पुरवणी पडेल त्याला हात जोडून एवढंच सांगणं आहे, की आमच्या बाल्कांवात बाबा बसलेले दिसले आणि त्यांनी सगुणाचा विषय काढला, तर त्यांना बोलू द्या. ऐकून घ्या. यातलं काही त्यांच्या कानावर घालू नका. पेपर त्यांना मीच वाचून दाखवते.